सुटकेची संध्याकाळ

कारागृहातून सुटका बहुधा संध्याकाळी होते. न्यायालयातून आदेश निघतो, तो कागद कारागृहापर्यंत पोहोचायला दुपार टळते, आणि मग नोंदवही, सह्या, अंगठे, ओळखीच्या खुणांची पडताळणी, जमा केलेल्या वस्तूंची पावती हे सगळे उरकेपर्यंत दिवेलागण झालेली असते. पुरुष सुटायचा असेल तर समोरच्या झाडाखाली त्याचा भाऊ, मेहुणा, एक-दोन मित्र दुपारपासून ताटकळत उभे असतात आणि आई पदराखाली डबा धरून बसलेली असते. बाई सुटायची असेल तेव्हा त्या झाडाखाली बहुतेक वेळा कोणीच नसते.

मी मिरजेत मनोविकार विभागात परिचारिका म्हणून तीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी आमच्या भागातल्या एका कारागृहाच्या महिला विभागात व्यसनमुक्तीचा गट घ्यायला जाऊ लागले, आणि अजूनही जाते. ते कारागृह कोणते हे मी लिहिणार नाही, आणि ज्या बायकांविषयी लिहिते आहे त्यांची ओळख पटू नये एवढ्यापुरते गावांचे आणि नात्यांचे तपशील बदलले आहेत. बाकी जे घडले ते तसेच सांगते आहे, कारण नशेतून सुटू पाहणाऱ्या बंदी बाईच्या आयुष्यातला सगळ्यांत धोक्याचा दिवस तिच्या सुटकेचा असतो, हे मला फार उशिरा कळले, आणि इतरांना ते लवकर कळावे अशी माझी तळमळ आहे.

सांगलीत तुरुंग म्हटले की आधी वसंतदादा आठवतात. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि त्यांचे दोन सहकारी हुतात्मा झाले. लहानपणी वडिलांनी सायकलच्या नळीवर बसवून मला तो तट दाखवायला नेले होते आणि बोट करून सांगितले होते, ‘इथनं उडी टाकली दादांनी.’ तटावरून बाहेर पडलेल्यांची ही गोष्ट आमच्या शहराने ऐंशी वर्षे जपली आहे, आणि ती जपण्याजोगीच आहे. फाटकातून रीतसर सही करून बाहेर पडलेल्या बाईचे पुढे काय होते, याची गोष्ट मात्र मी कोणाच्याही घरात ऐकली नाही.

माझे डोळे ज्या बाईने उघडले ती तिशीतली होती, कृष्णाकाठच्या एका गावातली. नवरा हातभट्टी लावायचा. दारू तेज झाली आहे का, हे काडी लावून बघतात. ती काडी लावायची आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून घोटभर चाखूनही बघायची. आधी चाखणे, मग भांगलणीला जाण्यापूर्वी अंगदुखीवर अर्धा ग्लास, मग मार खाल्ल्यावर झोप लागावी म्हणून, आणि शेवटी दारूनेही झोप येईना तेव्हा चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या झोपेच्या गोळ्या, असे सगळे अवघ्या तीन-चार वर्षांत घडले. बायकांच्या बाबतीत पहिल्या घोटापासून पक्क्या व्यसनापर्यंतचे अंतर पुरुषांपेक्षा लवकर कापले जाते, हे वैद्यकशास्त्राने नोंदवलेले आहे. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते, पोटात दारूचे विघटन करणारे विकरही कमी असते, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी अधिक चढते आणि यकृतही आधी बिघडते. गोळ्यांना पैसे हवेत म्हणून एस.टी. स्टँडवर कोणाची तरी पर्स उचलताना ती सापडली. जामीन आठवड्याभरात मंजूर झाला, परंतु जामीनदार म्हणून उभे राहायला ना माहेरचे आले ना सासरचे, आणि त्यामुळे चौदा महिने ती कच्ची कैदी म्हणून आत राहिली.

त्या चौदा महिन्यांत तिने दारूचा थेंब किंवा गोळीचा तुकडा पाहिलाही नाही. गालांवर मांस आले, केस दाट झाले, ती सही करायला शिकली, आणि गटात सगळ्यांत आधी येऊन सतरंजी अंथरायची. मी तिला मनातल्या मनात बरी झालेली समजत होते. एका मंगळवारी तिने गुन्हा कबूल केला, न्यायालयाने आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा धरली, आणि त्याच संध्याकाळी ती बाहेर आली. फाटकावरच्या महिला शिपायाने मला नंतर सांगितले की तिला परत मिळालेल्या पिशवीत एक साडी होती, बंद पडलेला मोबाइल होता, पंचनाम्याच्या भाषेत ‘पिवळ्या धातूची’ म्हणून नोंदलेली कानांतली फुले होती आणि प्लास्टिकच्या चपला होत्या. चौदा महिने गाठोड्यात राहून त्या चपला कडक झाल्या होत्या. तिने पाय घातला आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला हातात घेऊन ती अनवाणी स्टँडकडे गेली. शिपाईबाईंनी तिला स्वतःच्या पर्समधून वीस रुपये दिले होते.

गुरुवारी मी गेले तेव्हा तिची जागा रिकामी होती आणि ती सुटल्याचे कळून मला आनंद झाला होता. तो आनंद मला आजही टोचतो. अकराव्या दिवशी ती गेली. सासरी दार उघडले नाही, माहेरी भावाने ओसरीवर झोपू दिले, आणि पुढे तिने पूर्वी जेवढ्या गोळ्या घ्यायची तेवढ्याच दारूबरोबर घेतल्या. तेवढ्याच, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शरीराला नशेची सवय जडते तशी ती मोडतेही. चौदा महिन्यांपूर्वी ज्या मात्रेने तिला जेमतेम झोप लागत होती, तीच मात्रा आता तिचा श्वास थांबवायला पुरेशी होती. तिला मरायचे नव्हते अशी माझी खात्री आहे. तिला फक्त त्या ओसरीवर झोप हवी होती.

नंतर मी यासंबंधी वाचू लागले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून अधिक माणसांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या माणसांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ १३ पट आणि नशेच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका १२९ पट असल्याचे त्यात आढळले. तो देश वेगळा आणि तिथली नशाही वेगळी, हे मला मान्य आहे. पण शरीर तेच असते. रुग्णालयात तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारखीला सवय मोडलेल्या शरीराचा हा धोका पुस्तकातून ठाऊक होता, तरी आत जाताना मी तो फाटकाबाहेर ठेवून जात होते. आता मी प्रत्येकीला सुटकेच्या आधीच स्पष्ट सांगते की बाहेर गेल्यावर पाय घसरला तर पूर्वीच्या मापाने घेऊ नकोस, गोळ्या आणि दारू एकत्र करू नकोस, एकटी असताना घेऊ नकोस, आणि तासाभरात मला किंवा जी जवळ असेल तिला सांग. काहींना हे बोलणे पटत नाही. घेण्याची भाषाच कशाला, असे ते म्हणतात. मला मात्र जिवंत बाईला पुन्हा गटात बसवता येते, एवढे पक्के ठाऊक आहे.

आत येण्याचे दिवसही सोपे नसतात. दारू रोज लागणारी बाई पकडली गेली की पहिली रात्र पोलीस कोठडीत जाते, दारू एकदम तुटते, आणि अंगाचा थरकाप, घाम, उलट्या यांना सगळे जण भीती समजतात. खरा घात दुसऱ्या-तिसऱ्या रात्री होतो. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. एका बाईला मी बरॅकमध्ये पांघरुणावरचे किडे वेचताना पाहिले आहे. घोंगडीवर काहीही नव्हते, पण ती चिमटीत धरून एकेक किडा बाजूला ठेवत होती आणि मोजत होती. शेजारच्या बायकांनी तिच्या अंगात आले असे ठरवून कपाळाला हळद-कुंकू लावले होते. हा आजार लिब्रियमसारख्या गोळ्यांनी आणि थायमिनच्या इंजेक्शनांनी आटोक्यात येतो, वेळेवर ओळखला नाही तर जीव घेतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, घेणारीची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, निराळी असते. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडांत कळ, पोटात मुरडा, पण त्यात सहसा जीव जात नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणारी पहिले काही दिवस नुसती झोपते आणि जागी झाली की तिला जगावेसे वाटत नाही, म्हणून तिच्यावर रात्री लक्ष ठेवावे लागते. हे फरक आरोपी पहिल्यांदा तपासणाऱ्याला माहीत असले तर किती यातना वाचतील!

आणि एक गोष्ट आहे जी पुरुषांच्या व्यसनमुक्तीच्या पुस्तकांत मला कधी सापडली नाही. नशेने पाळी बंद पडते, आणि आत आल्यावर दोन-चार महिन्यांनी ती परत सुरू होते. एका बाईला दीड वर्षाने पाळी आली तेव्हा ती आतून काही तुटले म्हणून घाबरून रडत माझ्याकडे आली होती. मी समजावून सांगितल्यावर ती कितीतरी वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘म्हंजे अजून बाई हाय मी.’ त्या दिवसापासून मी गटात शरीराविषयी आधी बोलते आणि व्यसनाविषयी मागाहून. व्यसनाविषयीसुद्धा पहिल्या गुरुवारी दारूचे नाव काढत नाही. मिश्रीपासून, म्हणजे दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूपासून, सुरुवात करते. आमच्याकडे मिश्री लावणे हा बायकांचा उघड रिवाज आहे, त्यात लाज नाही. पहाटे उठल्यावर बोट तोंडात गेल्याशिवाय चूल का पेटत नाही, एक दिवस डबी हरवली तर काय होते, सासूने कधी शिकवले, अशा गप्पा रंगतात, आणि त्या गप्पांतूनच कोणीतरी हळूच म्हणते, ‘दारूचंबी तसंच हाय की वो सिस्टर.’

लाज हाच या सगळ्याचा गाभा आहे. पुरुष प्यायला तर तो व्यसनी. त्याच्यासाठी बायको उपासतापास करते, अंगठी मोडते, समुपदेशकाकडे हात जोडून बसते. बाई प्यायली तर ती वाया गेलेली, आणि तिचे व्यसन हा तिच्या चारित्र्याचा पुरावा. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’ने व्यसन हा आजार आहे, हे आपल्या भागात घरोघरी पोहोचवले, आणि व्यसनी माणसाच्या पत्नीला उपचारात मानाची जागा दिली. पण बाईच रुग्ण असते तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार? माझ्या संपूर्ण नोकरीत, दारूसाठी दाखल झालेल्या पत्नीबरोबर न चुकता येणारे नवरे मी बोटांवर मोजू शकते. मुक्तांगणने बायकांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला, त्याचे मोल मला म्हणूनच फार वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१५ साली सांगितले की जगात अमली पदार्थ घेणाऱ्या तिघांत एक बाई असते, पण उपचार घेणाऱ्या पाचांत एक. जी उपचारापर्यंत पोहोचत नाही ती कुठे असते, याचे थोडे उत्तर मला दर गुरुवारी सतरंजीवर बसलेले दिसते.

आपला जिल्हा या प्रश्नापासून दूर आहे, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांचा एमडीचा तपास कुपवाडपर्यंत आला आणि इथे मोठा साठा सापडला. पुढच्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी बनवण्याचा कारखाना उघडकीस आणला, आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत तसाच प्रकार समोर आला. बातम्यांत किलो आणि कोटी येतात. माझ्या गटात येते ती ज्या मुलीला कोणीतरी आधी फुकट चव दिली आणि मग दोन-चार ग्रॅमची पुडी पोहोचवायला सांगितली, ती मुलगी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात एमडीची २ ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प आणि ५० ग्रॅमपासून पुढची व्यापारी धरली जाते, आणि शिक्षेचे वजन या मापांवर ठरते. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ज्यानुसार सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. कलम ३९ आहे, ज्यानुसार न्यायालय दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. ही दारे कायद्याने ठेवलेली आहेत, पण ती वकिलाने ठोठवावी लागतात. आणि चोरीच्या किंवा हातभट्टीच्या गुन्ह्यात आलेल्या बाईच्या कागदपत्रांत नशेचा शब्दही नसतो. त्या चपलावाल्या बाईच्या आरोपपत्रात पर्सचा रंग होता, आतल्या नोटांचा हिशेब होता, तिला रोज किती गोळ्या लागत होत्या याची एक ओळ नव्हती. त्यामुळे ती सुटली तेव्हा कोणत्याही कागदाच्या दृष्टीने ती रुग्ण नव्हती, आणि रुग्ण नसलेल्या बाईला कोणी कुठे पाठवायचे?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली स्त्री बंद्यांविषयी जे नियम स्वीकारले, त्यांना बँकॉक नियम म्हणतात. त्यातला पंधरावा नियम मी गटाला मराठीत करून वाचून दाखवला होता: कारागृहाच्या आरोग्यसेवेने बायकांसाठी वेगळे व्यसन-उपचार द्यावेत किंवा त्यांची सोय करावी, आणि त्यांत तिच्यावर पूर्वी झालेले अत्याचार, गरोदर आणि मुले असलेल्या बायकांच्या गरजा, आणि त्यांच्या संस्कृतीची विविधता लक्षात घ्यावी. वाचून झाल्यावर एकीने विचारले की हे लिहिणाऱ्या बाईलाही नवऱ्याने मारले होते का. मला उत्तर देता आले नाही. पण तिने नियमाचा नेमका गाभा पकडला होता. दहा जणींत आठ जणी पहिल्या घोटाची गोष्ट सांगू लागल्या की ती माराच्या गोष्टीत जाऊन मिळते, हा माझ्या सतरंजीवरचा अनुभव आहे.

मुलांचा प्रश्न तर सगळ्यांत अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ कारागृहात राहू शकते; त्यानंतर ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. आई सुटते तेव्हा ते मूल मावशीला किंवा काकूला आई म्हणू लागलेले असते. त्यात बाहेरच्या निवासी उपचारकेंद्रात मुलांसह राहण्याची सोय क्वचितच असते, त्यामुळे सुटलेल्या बाईपुढे उपचार की लेकरू असा पेच उभा राहतो आणि कोणतीही आई लेकराकडेच धावते.

या साऱ्या विचारात मला वारंवार आटपाडी आठवते. १९३९ साली औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तिला तट नाही. शिक्षा झालेला माणूस तिथे कुटुंबासह राहतो, शेती कसतो, मुले शाळेत जातात. ही वसाहत आज आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे आणि तिच्यावरून स्फुरलेल्या हिंदी चित्रपटाला जगभर मान मिळाला. मी तिथे गेले होते तेव्हा एका घरापुढच्या अंगणात तुळस होती आणि दोरीवर मुलाचा गणवेश वाळत होता. कैदेतून समाजात येणे हे एका संध्याकाळी फाटक ओलांडण्याचे काम नसते, त्याला काही वर्षांचा सौम्य उतार हवा, हे आपल्या दुष्काळी मातीत ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी कोणाला तरी उमगले होते. तिथे मला बायका दिसल्या त्या बंद्यांच्या पत्नी म्हणून. नशेतून उठू पाहणाऱ्या बाईला तिच्या लेकरासह असा उतार मिळाला तर, या विचाराने मी परतीच्या एस.टी.त खिडकीला डोके टेकून बसले होते, आणि भिवघाट गेला तो मला कळलाही नाही.

तोपर्यंत जे हाती आहे तेवढ्यावर काम करावे लागते. तासगाव तालुक्यातल्या एका बेदाण्याच्या शेडवर माझ्या गटातली एक बाई आज तीन वर्षे काम करते. पंचेचाळिशीची आहे, गांजाच्या पुड्या विकताना पकडली गेली होती, आणि दारू तिला लग्नाआधीपासून होती. सुटल्यावर तिला काम मिळाले ते तिच्या आत्तेबहिणीने मुकादमापाशी शब्द टाकला म्हणून. तिला भेटायला मी गेले तेव्हा गंधकाच्या धुरीचा वास डोळ्यांना झोंबत होता, ट्यूबलाइटखाली वीस-पंचवीस बायका ओळीने बसल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे बेदाण्याचा ढीग होता. काड्या वेगळ्या, काळा दाणा वेगळा, हिरवा आणि पिवळा वेगळा. तिची बोटे इतक्या झरझर चालत होती की दाणा कधी उचलला आणि कधी टाकला हे दिसत नव्हते. मी नुसती तिचे हात बघत उभी राहिले. याच हातांना, आत आल्याच्या तिसऱ्या दिवशी, पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येत नव्हता आणि मी दोन्ही हातांनी तो धरला होता. तिने वर पाहिले, मला कशाचे कौतुक वाटते आहे ते तिला कळले, आणि काही न बोलता तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे पसरून स्थिर धरले.

तिचा घातवार पगाराचा. हातात नोटा आल्या की पाय आपोआप वळतात, असे ती स्वतः सांगते. म्हणून पगार झाला की शेडच्या दारातच बचत गटाची बाई उभी असते आणि रक्कम तिच्याकडे जाते. घरखर्चापुरते पैसे बहीण देते. पहिल्या वर्षात तिची दोनदा स्लिप झाली, म्हणजे ती पुन्हा प्यायली. दुसऱ्या वेळी तिने रात्री साडेअकराला फोन करून ‘घेतलं’ एवढेच सांगितले आणि फोन ठेवला नाही. मी पहाटेपर्यंत कानाला लावून बसले होते, पलीकडून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता आणि मला तेवढेच हवे होते. आता ती परवानगी घेऊन महिन्यातून एकदा माझ्याबरोबर गटात येते. मी तीस वर्षांच्या अनुभवातून तासभर बोलते, आणि ती पाच मिनिटे बोलते. बायका तिचे ऐकतात. सांगलीला हे नवे नाही. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून इथल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच एचआयव्हीच्या कामात पुढे केले आणि जी त्यातून गेली आहे तिच्याच शब्दाला वजन असते, हे दाखवून दिले. आमच्या सतरंजीवर त्याच अनुभवाचा छोटा धडा मी गिरवते आहे.

सध्या गटात सव्वीस वर्षांची एक मुलगी आहे. एमडीची पुडी पोहोचवताना पकडली गेली, आठ महिने झाले, आणि तिच्या जामिनाचा आदेश येत्या दहा-बारा दिवसांत अपेक्षित आहे. जामीनदार मिळाला आहे. तिची सात वर्षांची लेक भावजयीकडे वाढते आहे. मागच्या गुरुवारी गट संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, ‘सिस्टर, मी एकटी राहिलो तर घेतो. खोटं न्हाई बोलत.’ आमच्याकडे बायका ‘राहिलो, घेतो’ असेच बोलतात, आणि त्या बोलीत सांगितलेले खरे मला कोणत्याही चाचणीच्या कागदापेक्षा विश्वासाचे वाटते. नवऱ्याने ज्या खोलीवर तिला ठेवले होते तिथे ती परत गेली तर काय होईल, हे तिला ठाऊक आहे.

म्हणून मी तिच्या भावजयीला फोन केला. आधी ती बोलायलाच तयार नव्हती. पोरगी सांभाळते तेवढे पुरे, गावात तोंड दाखवायची चोरी झाली आहे, ह्यांना विचारल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही, असे म्हणून तिने फोन ठेवला. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. आठ महिने दुसऱ्याच्या लेकराचे डोके विंचरणाऱ्या बाईला जाब विचारण्याचा अधिकार आहे. चार दिवसांनी तिचाच फोन आला. मी तिला पहिल्या पंधरा दिवसांविषयी सगळे सांगितले, घरातल्या गोळ्या कुठे ठेवायच्या तेही सांगितले, गाव सोडून मिरजेला तपासणीला आणायचे दिवस सांगितले, आणि व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४४४६ हा क्रमांक लिहून घ्यायला लावला. बाकी सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, ‘किती वाजता सोडत्यात?’ साडेपाचनंतर कधीही, पाण्याची बाटली घेऊन या, अर्ध्या तिकिटात यायला-जायला जमेल, परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा, असे मी सांगितले. आणि येताना तिच्यासाठी नव्या चपला आणा, हेही सांगितले. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिच्या पायाचा नंबर किती वो सिस्टर?’

मला तो माहीत नव्हता. या गुरुवारी मुलीला विचारला, तर तिलाही माहीत नव्हता. बाजारात पायात घालून बघायची आणि घ्यायची, एवढेच तिला ठाऊक. मग शिपाईबाईंना विचारून वर्तमानपत्राचा एक कागद घेतला आणि फरशीवर पसरला. तिने त्यावर उजवे पाऊल ठेवले, मी वाकून पेनने कड आखली. टाच आखताना तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली. तो कागद शिपाईबाईंना दाखवून, चार घड्या घालून मी पर्समध्ये ठेवला आहे. भावजय बाजाराला येईल तेव्हा तो तिच्या हातात द्यायचा आहे.